गोळ्या दहा दिवस कशासाठी?

वर्गात कुणाचा ना कुणाचा घसा दुखतच असतो. बहुतेक वेळा त्यामागे विषाणू असतात. नाक वाहते, खोकला येतो, आवाज बसतो आणि काही दिवसांत सारे आपोआप ओसरते. विषाणूंवर प्रतिजैविके चालत नाहीत. तेव्हा ती घेण्यात अर्थ नाही.

पण शाळकरी वयात काही वेळा कारण असते स्ट्रेप्टोकॉकस पायोजिनिस हा जीवाणू. एकदम ताप येतो, गिळताना दुखते, टॉन्सिल सुजतात. खोकला सहसा नसतो. खात्रीसाठी घशातील स्राव तपासावा लागतो.

यावर पहिली पसंती पेनिसिलीनलाच. फ्लेमिंग यांना ते १९२८ साली सापडले. जीवाणूभोवतीची भित्तिका सांधणारी विकरे पेनिसिलीन निकामी करते. त्यामुळे वाढणारा जीवाणू फुटतो. आपल्या पेशींना भित्तिका नसल्याने त्या बचावतात. आश्चर्य म्हणजे, इतकी दशके वापरूनही पेनिसिलीनला पूर्णपणे दाद न देणारा हा जीवाणू रुग्णांत आढळलेला नाही. म्हणून पेनिसिलीन किंवा अमॉक्सिसिलीन १० दिवस, अथवा बेंझाथीन पेनिसिलीनचे एकच इंजेक्शन देतात.

पेनिसिलीनची ॲलर्जी असेल तर? ती सौम्य असल्यास सेफालेक्सिन चालू शकते. तीव्र असल्यास ॲझिथ्रोमायसीन किंवा क्लिंडामायसीन. ही दोन औषधे जीवाणूतील प्रथिननिर्मिती रोखतात. मात्र त्यांना दाद न देणारे स्ट्रेप्टोकॉकस आढळतात. निवड अर्थात डॉक्टरांनीच करायची.

आता खरा प्रश्न. घसा तर उपचाराविनाही आठवड्याभरात बरा होतो. मग औषध कशाला? कारण धोका पुढे असतो. या जीवाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये काही मुलांत स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटतात. दोन-तीन आठवड्यांनी ऱ्हुमॅटिक ताप येतो. सांधे पुढे बरे होतात. हृदयाच्या झडपा मात्र कायमच्या अधू होऊ शकतात. घसा दुखू लागल्यापासून ९ दिवसांच्या आत पेनिसिलीन सुरू केले, तर हे बहुधा टळते. पण घशातील जीवाणू पुरते नाहीसे व्हायला हवेत, म्हणून दहा दिवस.

विद्यार्थी तिसऱ्या दिवशी हसतखेळत शाळेत आला, तर आपण त्याला एवढेच विचारू या: गोळ्या चालू आहेत ना?