इंग्रजीतील पूर्ण वर्तमानकाळाची खुबी
'हॅव' किंवा 'हॅज' या साहाय्यक क्रियापदापुढे मुख्य क्रियापदाचे तिसरे रूप ठेवून होणारा पूर्ण वर्तमानकाळ घडून गेलेल्या क्रियेचा आजच्या स्थितीशी असलेला संबंध दाखवतो. म्हणूनच 'शी हॅज लॉस्ट हर की' म्हटले की किल्ली अजून सापडलेली नाही असे समजले जाते, तर 'शी लॉस्ट हर की' हा साधा भूतकाळ त्याविषयी काहीच सांगत नाही. मराठी भाषकांची खरी अडचण मात्र वेगळीच आहे: 'ती दहा वर्षांपासून पुण्यात राहते' यात मराठीला वर्तमानकाळ पुरतो, पण इंग्रजीला 'शी हॅज लिव्ड इन पुणे फॉर टेन इयर्स' असा पूर्ण वर्तमानकाळ वापरावा लागतो, आणि तेथे कालावधीसाठी 'फॉर', तर आरंभबिंदूसाठी 'सिन्स', जसे 'सिन्स 2015', योजावे लागते.