आधी ट्रेलर, मग घर

अ‍ॅन आर्बरला, मिशिगनमध्ये, ऑक्टोबर मध्यावर आला की पहाटेचा पारा कधीही शून्याखाली उतरू शकतो. त्यामुळे पश्चिमेकडची लांबलचक भटकंती आटोपून ट्रेलर घरी आणला, की अंग टेकायच्या आत त्यातलं पाणी काढायला घ्यावं लागतं. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. ट्रेलरमधले प्लॅस्टिकचे नळजोड, पंप, कमोडचा व्हॉल्व्ह फुटायला तेवढं पुरतं. शेतावरून परतलेला शेतकरी आधी बैलांचं वैरण-पाणी बघतो आणि मग स्वतः हातपाय धुतो. आमच्याकडेही आधी ट्रेलर, मग घर हाच क्रम आहे.

घाण पाण्याचं काम घर गाठायच्या आधीच, वाटेतल्या शेवटच्या कॅम्पग्राउंडच्या डम्प स्टेशनवर उरकलेलं असतं. तिथेही क्रम ठरलेला. आधी संडासाची ब्लॅक टँक मोकळी करायची, मग सिंक आणि शॉवरची ग्रे टँक. म्हणजे मागाहून आलेल्या साबणाच्या पाण्याने तोच होज आतून धुऊन निघतो. घरी आल्यावर उरतं ते चांगलं पाणी: टाकीतलं, नळ्यांमधलं आणि हीटरमधलं.

सुरुवात हीटरपासून. तो बंद करून पाणी पुरतं निवू द्यायचं, वरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून दाब सोडायचा आणि मग ट्रेलरच्या बाहेरच्या बाजूने, तळाचा बोल्ट पान्याने सैल करायचा. ६ गॅलन, म्हणजे साधारण २३ लिटर पाणी भसकन अंगणात येतं आणि त्याबरोबर क्षाराच्या पांढऱ्या खपल्या. साउथ डकोटातल्या मैदानांचं जड पाणी किती दिवस आपण तापवत होतो, ते या खपल्या सांगतात. आमच्या हीटरच्या बोल्टलाच मॅग्नेशियमची लांब कांडी जोडलेली आहे, तिला अ‍ॅनोड रॉड म्हणतात. ती हातात घेऊन नीट पाहावी. नवी असताना गुळगुळीत, सरळ असते. मोसम संपताना तिच्यावर खड्डे पडलेले असतात, कुठे कुठे आतली पोलादी तार उघडी पडलेली असते. टाकीच्या पोलादाला जो गंज चढला असता, त्याचा मारा ही कांडी स्वतःवर घेते. तीन चतुर्थांश झिजली की बदलायची. टाकीपुढे तिची किंमत अगदी किरकोळ आहे.

हीटर रिकामा झाला की बायपासचे व्हॉल्व्ह फिरवून त्याला बाजूला काढायचं, नाहीतर सगळं अँटिफ्रीझ त्याच्याच पोटात जातं. आता तळाच्या दोन ड्रेन-तोट्या उघडून नळ्या मोकळ्या करायच्या, परत बंद करायच्या आणि पंपाची बारीक नळी गुलाबी अँटिफ्रीझच्या कॅनमध्ये सोडायची. हे अँटिफ्रीझ प्रॉपिलीन ग्लायकॉलचं, पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांसाठीच बनवलेलं असतं. मोटारीच्या रेडिएटरमध्ये सहसा वापरतात ते एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, ते या नळ्यांत कधीच घालायचं नाही. पंप सुरू केला की एकेक नळ उघडायचा, आधी गरम, मग थंड. प्रथम फुसफुसत हवा येते, मग नितळ पाणी, मग फिकट गुलाबी आणि शेवटी एकसारखी गडद गुलाबी धार. ती दिसली की त्या नळाचं काम झालं. कमोड, शॉवर, आणि ट्रेलरच्या बाहेरच्या अंगाला एका छोट्या झाकणामागे असलेला पाय धुवायचा नळ. हा शेवटचा हमखास नजरेतून सुटतो, म्हणून यादीत तो आम्ही सर्वांत वर लिहितो. दोन ते तीन गॅलनमध्ये सगळं भागतं. राहिलेलं कपभर प्रत्येक मोरीत ओतायचं, कारण खालच्या वळणात पाणी साठलेलं असतंच.

मग स्वयंपाकाचा कोपरा. ट्रेलरमध्ये रोज फोडणी पडलेली असते, तेव्हा शेगडीमागच्या भिंतीवर तेलाचा पातळ थर आणि सिंकला हळदीचा पिवळेपणा असतोच. तो सोडा आणि गरम पाण्याने काढायचा. पोहे, रवा, डाळी, मसाल्याचा डबा, सगळं घरात न्यायचं. सांडलेला एक-एक दाणा ब्रशने टिपायचा, कारण थंडी पडली की उंदीर आसरा शोधतात आणि पाव इंचाच्या फटीतूनही आत शिरतात. नळ्या जिथून फरशीत उतरतात तिथे स्टील वूल गच्च बसवायचं. फ्रिज पुसून त्याचं दार फटीपुरतं उघडं ठेवायचं, नाहीतर वसंतात बुरशी. बॅटरी पूर्ण चार्ज करून सोडवायची. भरलेली बॅटरी मिशिगनची थंडी सहज सोसते, उतरलेली बॅटरी गोठून फुटू शकते.

एवढं झालं की घराकडे वळायचं. आणि इथे एक गोष्ट दर वेळी जाणवते: ट्रेलरने आपल्याला घर वाचायला शिकवलेलं असतं. तिथे टाकी, पंप, नळी, मोरी सगळं हाताच्या अंतरावर होतं. घरात तेच सगळं भिंतींच्या आड आहे, पण नियम तेच. तळघरात पाऊल टाकताच गटाराचा वास आला तर घाबरायचं कारण नाही. फरशीतल्या जाळीखालच्या वळणातलं पाणी इतक्या दिवसांत उडून गेलेलं असतं आणि गटारातली हवा वर यायला वाट मोकळी झालेली असते. तांब्याभर पाणी ओतलं की वाट बंद. पाहुण्यांच्या बाथरूममध्येही तेच. साचून राहिलेलं पाणी काढून टाकायला सगळे नळ काही मिनिटं वाहू द्यायचे. अंगणातल्या नळाचा होज मात्र आठवणीने काढायचा. तो तसाच राहिला तर अडकलेलं पाणी गोठून नळी भिंतीच्या आत फुटते आणि ते कळतं वसंतात, नळ उघडल्यावर.

मग कपडे. साउथ डकोटातल्या बॅडलँड्सची बारीक पांढुरकी माती चादरींच्या शिवणीत बसलेली असते, ती बाहेर झटकल्याशिवाय मशीनमध्ये काही टाकायचं नाही. फ्रीझरमध्ये ठेवलेल्या विरजणाची वडी कोमट दुधात सोडायची. ते थंड असल्यामुळे लागायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतं. शेजारणीकडून तुळस परत आणून दक्षिणेच्या खिडकीत ठेवायची. पानांचा ढीग लॉनवर पडलेला असतो. तो पाऊस पडून चिकटण्याआधी गोळा करायचा. बाकीचं आठवडाभर पुरवून केलं तरी चालतं.

ट्रेलरची ४० गॅलनची टाकी आम्हा दोघांना चार-पाच दिवस पुरते. अंगाला साबण लावताना शॉवर बंद, भांडी घासताना नळ बंद. अमेरिकेतलं सरासरी कुटुंब घरात दिवसाला ३०० गॅलनहून जास्त पाणी वापरतं, असं इथलं पर्यावरण खातं सांगतं. परतल्यावर पहिले काही दिवस हात आपोआप नळ बंद करतो. मग ती सवय विरायला लागते. ती विरू न देणं हेही मी परतीच्या कामांतच धरते, कारण प्रवासातून आणलेल्या वस्तूंपेक्षा ती जास्त टिकवण्यासारखी आहे.

म्हणून लांबच्या ट्रेलर-सहलीचा बेत करणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे की परतल्यानंतरचे दोन-तीन दिवस रजेतच धरा. कामावर रुजू व्हायच्या आदल्या रात्री घर गाठलं तर ही सगळी कामं ओझं होतात आणि अर्धी राहतात. मोकळा वेळ हाताशी असला तर तीच कामं नीट, क्रमाने, समजून होतात. एप्रिलमध्ये पंप सुरू केल्यावर नळाला पाणी येईल की फरशीवर, ते ऑक्टोबरच्या त्या दोन-तीन दिवसांतच ठरलेलं असतं.