पणजोबांचे दुखणे कागदावरून वाचताना...

जुनी लोखंडी ट्रंक आवरताना तळाशी पदक सापडते आणि पदकाखाली घडी करून ठेवलेला एक पिवळा कागद. वर पलटणीचे नाव, खाली तारखा आणि डॉक्टरच्या घाईच्या अक्षरात चार-दोन इंग्रजी अक्षरे. घरात पिढ्यान्पिढ्या सांगितले गेलेले असते, "पणजोबांना लढाईत गोळी लागली होती." कागद मात्र गोळीचे नावच काढत नाही! मग कोणी तो मुकाट्याने परत ठेवून देतो, तर कोणाला वाटते, घरच्यांनी थाप मारली. खरे म्हणजे दोघांचीही घाई होते. त्या कागदावरचे शब्द त्या काळच्या डॉक्टरचे आहेत. ते आजच्या अर्थाने वाचले, तर माणसावर अन्याय होतो.

अक्षरांची कुलुपे

पहिल्या महायुद्धाच्या (१९१४-१८) कागदांत काही अक्षरे वारंवार येतात. 'जी.एस.डब्ल्यू.' म्हणजे बंदुकीच्या गोळीची जखम. पण तोफगोळ्याचा तुकडा लागला तरी बहुधा हेच लिहीत. 'पी.यू.ओ.' म्हणजे कारण न समजलेला ताप. 'एन.वाय.डी.' म्हणजे आजाराचे निदान अजून व्हायचे आहे. 'बी.टी.' असेल तर एक दिवसाआड येणारा हिवताप. 'आय.जी.एच.' हे आजाराचे नाव नव्हे. ते हिंदी सैनिकांचे मोठे लष्करी इस्पितळ.

तारीख इंग्रजी पद्धतीने, म्हणजे आधी दिवस व मग महिना अशी वाचावी. महिना कधी कधी रोमन आकड्यात असतो.

कूतचा वेढा काय सांगतो?

आजाराचे नाव पाहून कमीपणा का वाटू नये, हे आजच्या इराकमधील कूत या गावाच्या उदाहरणावरून कळते. ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्की फौजेने तेथे जनरल टाऊनशेंड यांच्या सैन्याला वेढा घातला. हे सैन्य म्हणजे सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. शिधा दिवसेंदिवस घटत गेला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सैन्याला शरण जावे लागले.

या वेढ्यात गोऱ्या सैनिकांना बेरीबेरी झाला, तर हिंदी सैनिकांना स्कर्व्ही. एकाच गावात असे दोन आजार का? गोरे पांढऱ्या पिठाचा पाव खात. त्यात ब-१ जीवनसत्त्व फारसे नव्हते. आपल्या शिपायांच्या कणकेत ते होते, पण ताजी भाजी मिळत नव्हती. घोड्याचे मांस धर्मापोटी आणि गावी परतल्यावर जात काय म्हणेल या धाकाने बहुतेकांनी शेवटच्या काही आठवड्यांपर्यंत नाकारले. क जीवनसत्त्व पोटात गेले नाही. हिरड्या सुजल्या, जुन्या जखमा भरेनात. म्हणून कागदावर 'स्कर्व्ही' किंवा नुसते 'डेबिलिटी', म्हणजे अशक्तपणा, लिहिले असेल, तर तो भित्रेपणाचा दाखला नव्हे. ती उपासमारीची नोंद आहे.

हृदयविकार घराण्यात आहे?

'डी.ए.एच.' ही अक्षरे वाचून पुष्कळांचे धाबे दणाणते. त्यांचा अर्थ हृदयाच्या कामातील बिघाड. धडधड, धाप, छातीत दुखणे, थकवा. पण तपासणीत हृदयात दोष सापडत नसे. आघाडीवरचे श्रम, ताप आणि मनावरचा ताण यांच्याशी त्याचा संबंध होता. तेव्हा या तीन अक्षरांवरून आपल्या डॉक्टरांना "आमच्या घराण्यात हृदयविकार आहे" असे सांगू नका. 'व्ही.डी.एच.' असेल तर ती निराळी गोष्ट. तो हृदयाच्या झडपांचा आजार. कागदच डॉक्टरांना दाखवावा, हे उत्तम.

आणखी एक ओळ नीट पाहावी: दुखणे लष्करी सेवेमुळे जडले की नाही? या एका शेऱ्यावर अपंगत्वाचे पेन्शन अवलंबून असे. पणजीने दुसऱ्याच्या शेतात मजुरी करून मुले का वाढवली, याचे उत्तर कधी कधी तिथेच असते.

एवढे जरूर करा

- कागदाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. उजेडात स्वच्छ फोटो काढून तो मोठा करून वाचा.
- अक्षर लागत नसेल, तर त्याच हाताने लिहिलेल्या ओळखीच्या शब्दातील अक्षराशी, उदाहरणार्थ गावाच्या नावाशी, ताडून पाहा.
- पलटणीचा क्रमांक जपून वाचा. १९२२ मध्ये क्रमांक बदलले. ११७ वी मराठा पलटण पाचव्या मराठा रेजिमेंटची पाचवी बटालियन झाली.
- मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावला आहे. जुन्या सैन्य खात्याच्या फायली दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. युद्धात मरण पावलेल्यांची नावे राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येतात.
- गुप्तरोगासारखी नोंद निघाली, तर ती चारचौघांत वाचू नका. मेलेल्या माणसाचीही अब्रू असते.

गोळीची कथा खोटी ठरली, तर वाईट वाटून घेऊ नये. परक्या मुलखात तापाने फणफणत, हिरड्यांतून रक्त येत असताना जो पहाऱ्यावर उभा राहिला, त्याची खरी हकिकत आता कुठे आपल्या हाती आली आहे. ती मुलांना जशी आहे तशीच सांगावी.