256 घरांचा येसर

पाकिटावर नाव होतं, वजन होतं, अन्ननोंदणीचा 14 अंकी क्रमांक होता आणि त्याखाली बॉलपेनने लिहिलेली एक ओळ होती : ‘नंबर सेव्ह करा, नाहीतर निरोप मिळणार नाही.’ वाळूजच्या एका कंपनीतला मित्र ते पाकीट घेऊन आला होता. आत येसर होता, म्हणजे भाजक्या धान्या-मसाल्यांचं पीठ; अस्सल मराठवाडी, लग्नाच्या पंगतीत आमटीला असतो तसा. आमटी झाली, संपलीही. ती ओळ मात्र डोक्यातून जाईना. छापलेल्या लेबलवर प्रत्येक पाकिटामागे हाताने लिहायचं, एवढं काय अडलं असेल? पाकिटावरच्या नंबरला फोन केला आणि बजाजनगरला गेलो.

संभाजीनगरहून नगर रोडने निघालं की छावणी मागे पडते, धाकट्या पंढरपूरचं विठ्ठलमंदिर येतं आणि कंटेनरांच्या रांगांतून वाट काढत आपण वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत शिरतो. बजाज ऑटोचा कारखाना इथे 1985 मध्ये सुरू झाला. त्याच्यामागून सुटे भाग करणारे आले आणि त्यांच्यामागून बीड, जालना, परभणी, बुलढाण्याची पोरं एकेक बॅग घेऊन आली. रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, कमळापूर, वडगाव कोल्हाटी या गावांत खोल्यांवर खोल्या चढल्या. या पोरांना, आणि नंतर त्यांच्या संसारांना, गावाकडची चव लागते. ताईंचा धंदा या गरजेवर उभा आहे. नाव छापू नका म्हणाल्या, म्हणून नुसतं ताई.

ताई अंबाजोगाईकडच्या. नवरा कंत्राटी कामगार. 2020 च्या टाळेबंदीत कारखान्यांचे भोंगे थांबले, घरात पगार येईना, तेव्हा त्यांनी येसर आणि उपवासाची भाजणी करून शेजारपाजारी विकायला सुरुवात केली. आता सोबत कारळाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, उन्हाळ्यात कुरडया-पापड असतात. मागच्या खोलीत दोन शेगड्या, लोखंडी कढई, खिडकीला एक्झॉस्ट फॅन. गहू, हरभऱ्याची डाळ, बाजरी, धने, खोबरं हे सगळं वेगवेगळं भाजायचं आणि कांडपावर द्यायचं. पण दगडफूल कढईत पडलं की खोलीचा नूर बदलतो. पहिल्या पावसानंतरच्या जुन्या वाड्याच्या भिंतीसारखा, थोडा कडवट, थोडा धुरकट वास नाकात भरतो. मिरची पडली की ठसका लागतो, डोळ्यांतून पाणी येतं. नेमक्या त्याच वेळी ताई गॅस बारीक करतात, पदराला हात पुसतात आणि खिडकीतला मोबाइल उचलतात.

‘‘आत्ताच फोटो काढावा लागतो. वाफ गेली की नुसतं काळं दिसतंय.’’

तीन फोटो काढले, दोन खोडले, एक स्टेटसला लावला. फोटोखाली जाहिरातीची एकही ओळ नाही. ‘येसर भाजायला घेतला. परवा कांडून येईल,’ एवढंच. मग त्या पुन्हा कढईकडे वळल्या.

त्या ओळीबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनी मला 256 चा हिशोब सांगितला. व्हॉट्सअ‍ॅपवर एकच निरोप अनेकांना ज्याच्या-त्याच्या खासगी खिडकीत पाठवता येतो, त्याला ब्रॉडकास्ट यादी म्हणतात. एका यादीत 256 माणसं मावतात. आणि तो निरोप फक्त त्यालाच पोचतो, ज्याने पाठवणाऱ्याचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवलेला आहे. ज्याने साठवला नाही, त्याच्या नावापुढे एकच खूण येऊन थांबते. पैसे देऊन घेतलेल्या नंबरांच्या याद्यांचा म्हणूनच इथे काही उपयोग नाही. समोरच्या माणसाने आपल्याला आधी स्वतःच्या घरात जागा द्यावी लागते. ताईंना हे कुणी शिकवलं नाही. पहिल्या दिवाळीत निरोप टाकला आणि निम्म्या लोकांनी ‘आम्हाला सांगितलंच नाही’ म्हणून तोंड फिरवलं, तेव्हा त्यांनी एकेकाचा फोन हातात घेऊन बघितलं. तेव्हापासून ती ओळ पाकिटावर आहे.

‘‘दोनशे छप्पन भरलेत माझे,’’ त्या म्हणाल्या. दुसरी यादी करता येते, त्यांनी करून बघितली, मोडून टाकली. ‘‘दुसरी केली की मला माणसं आठवंनात. हा कोण, ह्याला तिखट चालतंय का नाही, काहीच कळंना.’’ म्हणून 256 म्हणजे 256. नवं माणूस घ्यायचं तर जुनं काढायचं.

कोणाला काढायचं, हे ठरवताना वसाहतीचा एक वेगळाच हजेरीपट समोर येतो. कंत्राटी पोरांना काही महिन्यांनी ‘ब्रेक’ मिळतो. ठेका संपला की कुणी चाकणला जातो, कुणी गावी परततो. आधी त्याचं स्टेटस बघणं थांबतं, मग ऑर्डर थांबते. ताई महिनाभर वाट बघतात, ‘दादा, कुठं हाईस?’ एवढं विचारतात आणि मग नाव काढतात. त्यांच्या फोनमध्ये नावं अशी साठवलेली आहेत : ‘शेणपुंजी दुसरी पाळी कमी तिखट’, ‘जोगेश्वरी वहिनी अर्धा किलो’, ‘जनरल शिफ्ट लसूण नको’. आडनाव एकाचंही नाही. मी ती यादी बराच वेळ बघत राहिलो. गिऱ्हाईक ओळखणं म्हणजे काय, यावर मोठ्या कंपन्या लाखो रुपये खर्च करतात. इथे ते एका बाईने फोनच्या नावांच्या रकान्यात करून ठेवलं होतं.

व्हॉट्सअ‍ॅपचं धंद्यासाठीचं अ‍ॅप 2018 पासून फुकट मिळतं. त्यात लेबलं लावता येतात : नवी ऑर्डर, पैसे बाकी वगैरे. ताईंनी ती बाजूला सारून आपली लेबलं केली : पहिली, दुसरी, रात्र, जनरल. म्हणजे पाळ्या. वाळूजमधल्या अनेक कारखान्यांत मोबाइल आत नेता येत नाही, लॉकरमध्ये ठेवावा लागतो. पाळी सुटली, लॉकर उघडला की माणूस पहिल्यांदा फोन बघतो. त्या वेळी आपला निरोप वर असला पाहिजे. सकाळी दहाला टाकलेला निरोप पाळी सुटेपर्यंत शंभर ‘शुभ सकाळ’च्या खाली गाडला जातो. म्हणून पहिल्या पाळीसाठी दुपारी, दुसऱ्यासाठी रात्री उशिरा, रात्रपाळीसाठी भल्या पहाटे. रात्री उशिरा निरोप टाकून ताई जागतात, कारण उत्तरं लगेच येतात आणि लगेच उत्तर दिलं नाही तर माणूस झोपून जातो, सकाळी विसरतो. ‘सोशल मीडियावर कोणत्या वेळी पोस्ट करावी’ याचे तक्ते शिबिरांतून वाटले जातात. त्यात रात्रपाळी नसते.

स्टेटस 24 तास राहतं. ते कोणी बघितलं याची यादी खाली डोळ्याच्या खुणेत दिसते. ताई ती यादी संध्याकाळी वाचतात, एकेक नाव बोट ठेवून. ‘‘हे वहिनी रोज बघतेत, घेत काहीच नाहीत.’’ मग तुम्ही त्यांना विचारता का? ‘‘नाही वो. बघितल्यावर विचारलं तर माणूस लाजतंय. परत बघतच नाही.’’ ग्राहकाशी नातं जोडण्याबद्दल मी आजवर जे ऐकलं-वाचलं, त्यात इतकी सभ्य गोष्ट मला सापडली नव्हती. निरोपाला उत्तर म्हणून लोक बोलून पाठवतात : लेकराला ताप आहे, गावी चाललोय, मागच्या वेळी मीठ जरा जास्त होतं. ताई प्रत्येकाला बोलून उत्तर देतात. मीठ जास्त झालं असेल तर कबूल करतात, पुढच्या खेपेला पाव किलोवर मूठभर चटणी देतात. कढईतलं काम थांबतं, फोनचं थांबत नाही.

सासूबाई दारात बसून शेंगा फोडत होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘दिवसभर मोबाइलच बघायलीय.’’ ताईंनी उत्तर दिलं नाही. मला मात्र ते लागलं. कढईसमोर उभी राहिलेली बाई काम करते आणि फोन हातात घेतलेली बाई वेळ घालवते, ही समजूत त्या एका दारातली नाही. बँकेत, बचतगटात, नवऱ्याच्या मित्रांतही तीच आहे.

या भागातल्या छोट्या कारखानदाराचं दुःख वेगळं आहे. त्याला बहुधा एकच मोठं गिऱ्हाईक असतं. त्याचं ‘शेड्यूल’ आलं की मशिनं चालतात, कमी झालं की घरघर लागते. जाहिरातीची सवयच नाही. जवळच्या गल्लीतल्या एका जॉबवर्कवाल्याने मंदीत एका पोर्टलचं वार्षिक सभासदत्व घेतलं. चौकशा आल्या, पण एकच चौकशी त्याच्यासारख्या अनेकांना गेलेली असायची, आणि ज्याने आधी फोन उचलला, सगळ्यांत कमी भाव सांगितला, त्याला काम. लेथवर उभ्या माणसाने फोन उचलायचा कधी? त्याच्याकडे एक गिऱ्हाईक आहे, ताईंकडे 256. एक गेलं तर ताईंची चूल विझत नाही. मी तरी ताईंच्या बाजूने झुकलो.

फोनचं सगळं गोडच असतं असं नाही. 4 ऑक्टोबर 2021 च्या रात्री व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, इन्स्टाग्राम जगभर सुमारे सहा तास बंद पडलं. घटस्थापना 7 तारखेला होती. उपवासाच्या भाजणीच्या ऑर्डरी फोनवरच यायच्या, आणि फोन मुका. ‘‘कोणाला किती द्यायचं, तेच मला माहीत नव्हतं.’’ अडकलेले निरोप सकाळी आले, पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी दोनशेपानी वही आणली. आता प्रत्येक ऑर्डर आधी वहीत उतरते, मग फोनवर ‘हो’ जातं. नगर तालुक्यातल्या सारोळा कासारच्या सुमनताई धामणे, ज्यांना सगळे ‘आपली आजी’ म्हणून ओळखतात, त्यांचं यूट्यूब चॅनेल 2020 मध्ये हॅक झालं होतं, काही दिवसांनी परत मिळालं. लाखो लोक बघत असले तरी दुकानाची किल्ली दुसऱ्याच्याच खिशात असते.

आपली आजीचं उदाहरण ताईंच्या लेकीला पाठ आहे. ती बी.कॉम.ला आहे. तिने येसराचं एक रील केलं, कढईतली वाफ, कांडपाचा आवाज, तिच्या आजीचे हात. ते हजारोंनी बघितलं. पुण्याहून, कोल्हापूरहून, दुबईहून विचारणा आली. ऑर्डरी आल्या त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि पाव किलोच्या पाकिटाला कुरिअरचा खर्च पाकिटाच्या किमतीला टेकला. मग एका एजन्सीचा फोन आला : अमुक रुपयांत दहा हजार फॉलोअर. लेक तयार होती. ताईंनी विचारलं, ‘‘ह्यातले स्वैपाक करणारे किती?’’ फोन ठेवला गेला.

मी रील वाईट म्हणणार नाही. लेकीचं काम देखणं होतं, आणि उद्या कुणी दुकानदार ते बघून शंभर पाकिटं मागेलही. पण पाठीशी साठा, पॅकिंग, कुरिअर, परताव्याची सोय नसताना माणसं गोळा करणं म्हणजे जेवण न शिजवता पंगत बसवणं. छोट्या धंद्यांना शिकवणारे नेमकं पंगत बसवायला शिकवतात, कारण ते मोजून दाखवता येतं. 256 लोकांना रोज उत्तर देणं मोजून दाखवता येत नाही.

निघण्याआधी ताईंनी किंमत काढायची वही दाखवली. धान्य, मसाले, गॅस, कांडप, पाकीट, लेबल, शेवटी थोडा नफा. भाजण्याची मजुरी नव्हती, ते मी अपेक्षितच धरलं होतं. घरच्या बाईची मजुरी कोण लिहितं? पण फोनचाही रकाना नव्हता. दुपारचे निरोप, रात्रीचं जागरण, बोलून दिलेली उत्तरं, नावं घालणं-काढणं, सगळं फुकट. मी म्हटलं, ताई, हे लिहा. त्या म्हणाल्या, ‘‘फोनला कोण पैशे देतंय?’’

देतंय कोण, तर गिऱ्हाईकच देतं. ते परत येतं, कारण त्याला कमी तिखट लागतं हे कुणाच्या तरी लक्षात आहे. येसर वसाहतीत दहा जणी करतात, चांगला करतात. ताईंच्याकडे जे जास्त आहे, ते कढईत नाही. मला त्यांचं म्हणणं पटलं नाही आणि ते त्यांना सांगितलं. पाव किलोमागे दहा रुपये वाढवा, गेलेच तर थोडे जातील. 256 च्या बाहेर वाट बघणारे आहेत. त्या हसल्या, वही मिटली, ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणाल्या.

घरून धंदा करणाऱ्या सगळ्या ताया-भावांना माझं एवढंच सांगणं आहे : आज रात्री किंमत काढायला बसाल, तेव्हा फोनवर गेलेला वेळ तासांत लिहा आणि तुमच्या भागात मजुरीचा जो दर आहे, त्याने गुणा. आणि आपण गिऱ्हाईक असू, तर त्यांचा नंबर सेव्ह करा, सांगितलेल्या किमतीत घासाघीस करू नका, आणि घ्यायचं नसेल तर ‘नको’ एवढं तरी उत्तर पाठवा. त्या उत्तराची वाट बघत तिकडे कुणीतरी जागं असतं.