जामिनाचा आदेश ते तुरुंगाचा दरवाजा

जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस सुटला, असं तुरुंगाशी कधी संबंध न आलेल्या बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात आदेशात पुढे 'तेवढ्याच रकमेचा सक्षम जामीनदार' ही अट असते आणि गरीब माणूस तिथेच अडकतो. जामीनदार व्हायला रेशनकार्ड लागतं, राहत्या घराचा पुरावा लागतो, पगारपत्रक नाहीतर सातबारा लागतो. ऐपतीचा दाखला मागितला की तहसील कचेरीच्या फेऱ्या सुरू होतात. पत्त्याची खातरजमा पोलीस ठाण्याने करायची असते. जामीन दिला न्यायालयाने, दाखला द्यायचा महसूल खात्याने, चौकशी करायची पोलिसांनी आणि या सगळ्याची वाट बघत माणूस बसलेला असतो कारागृह विभागाच्या ताब्यात. या चार खात्यांपैकी एकानेही कायदा मोडलेला नसतो. तरीही तो माणूस आतच राहतो.

या चारही खात्यांच्या जिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांना एका टेबलाभोवती बसवणारी एक समिती आपल्याकडे प्रत्येक जिल्ह्यात आहे. कागदोपत्री तिचं नाव न्यायाधीन बंदी पुनर्विलोकन समिती. कोर्टात आणि जेलमध्ये तिला यूटीआरसी म्हणतात. जिल्हा न्यायाधीश अध्यक्ष, जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक सदस्य. पुढे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव आणि तुरुंग अधीक्षकही तीत आले. किमान तीन महिन्यांतून एकदा तिने बसायचं, जिल्ह्यातल्या तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांची यादी पुढे घ्यायची आणि कोणाला आत ठेवायचं कारण उरलेलं नाही, ते शोधायचं. बाहेर तिची फारशी चर्चा होत नाही. आपल्या न्यायव्यवस्थेतल्या सगळ्यात उपयोगी यंत्रणांपैकी ती एक आहे, असं माझं ठाम मत आहे.

यादी केवढी, ते आधी पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांतली ४,३४,३०२ कच्ची, म्हणजे ज्यांच्यावरचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही अशी. शंभरातली जवळजवळ ७६. महाराष्ट्रात हे प्रमाण आणखी वर, दर पाच कैद्यांमागे साधारण चार. मुंबई-ठाण्यातल्या तुरुंगांत बराकीत माणसं कशी दाटीवाटीने झोपतात, ते वर्तमानपत्रांतून अधूनमधून येतच असतं. ती गर्दी मुख्यतः शिक्षा झालेल्यांची नाही, निकालाची वाट बघणाऱ्यांची आहे.

या समितीपर्यंत पोचायला देशाला बरीच वर्षं लागली. १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं. दंडाधिकाऱ्यांनी त्याच्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला होता. भाऊ जामीन राहायला तयार होता, पण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो नाकारला गेला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला हजार रुपयांच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं आणि जिल्ह्याबाहेरचा जामीनदार नाकारण्याच्या या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले. पुढच्याच वर्षी बिहारच्या तुरुंगांचं हुसैनारा खातून प्रकरण आलं. गुन्हा सिद्ध झाला असता तर जेवढी कमाल शिक्षा झाली असती, त्याहून जास्त काळ माणसं खटल्याविना आत होती. न्यायमूर्ती भगवती यांनी त्या निकालात न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधल्या १९६१ सालच्या एका प्रयोगाचा दाखला दिला. तिथे आरोपीला पैसे भरायला लावण्याऐवजी काही साधे प्रश्न विचारत: या शहरात किती दिवस राहतोस, घरी कोण आहे, कामधंदा काय. ज्याची पाळंमुळं गावात आहेत तो तारखेला हजर राहतो, या अनुभवावर तो प्रयोग उभा होता.

तारखेला माणूस येईल का, हे पैशांवरून ठरत नाही, हा विचार १९७९ मध्येच आपल्या सर्वोच्च न्यायालयात मांडला गेला. खालच्या कोर्टांत जामीनदाराची अट मात्र होती तशीच राहिली. २००६ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४३६-अ आलं: कमाल शिक्षेच्या निम्मा काळ खटल्याविना आत काढला की माणसाला जातमुचलक्यावर सोडायचं. फाशी होऊ शकेल असे गुन्हे तेवढे वगळले. तरतूद चांगली होती, पण कोणाचा निम्मा काळ कधी भरतो याचा हिशेब ठेवणारं कोणी नव्हतं. २०१४ मध्ये भीम सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने न्यायिक अधिकाऱ्यांना दोन महिने दर आठवड्याला तुरुंगात जाऊन बसायला सांगितलं, ते याचसाठी. दरम्यान माजी सरन्यायाधीश आर. सी. लाहोटी यांनी २०१३ मध्ये तुरुंगांच्या अवस्थेबद्दल लिहिलेल्या पत्रावरून न्यायालयाने स्वतःहून सुनावणी सुरू केली होती. '१३८२ तुरुंगांमधील अमानवी परिस्थिती' या नावाने ते प्रकरण ओळखलं जातं. त्यातच २४ एप्रिल २०१५ रोजी न्यायमूर्ती मदन लोकूर आणि उदय लळित यांच्या पीठाने प्रत्येक जिल्ह्यात ही समिती नेमण्याचा आदेश दिला.

समितीचं काम बैठकीच्या कितीतरी आधी, तुरुंगातल्या कारकुनाच्या संगणकावर सुरू होतं. ई-प्रिझन्स या प्रणालीत प्रत्येक कच्च्या कैद्याची अटकेची तारीख, कलमं, कोणतं कोर्ट, पुढची तारीख, जामिनाचा आदेश, सगळं भरलेलं असायला हवं. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने, म्हणजे नालसाने, ठरवून दिलेल्या निकषांची चाळणी त्या माहितीला लावायची. निम्मी मुदत भरलेले हा त्यातला एक गट. जामीन मिळूनही जामीनदाराअभावी न सुटलेले, हा दुसरा आणि माझ्या मते सगळ्यात तातडीचा. जामीनपात्र गुन्ह्यात अडकलेले, तडजोड होऊ शकणाऱ्या गुन्ह्यातले, साठ किंवा नव्वद दिवसांत आरोपपत्र आलं नाही म्हणून जामिनाचा हक्क मिळालेले, आजारी, मनोरुग्ण, स्त्रिया, पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेली एकोणीस-वीस वर्षांची मुलं, प्रतिबंधक कारवाईत उचललेले, हे सगळे वेगळे गट. प्राधिकरणाचे सचिव ही यादी तपासतात, समिती एकेका नावावर शिफारस करते. मग संबंधित कोर्टात अर्ज जातो. वकील नसेल तर आता जिल्ह्यात लोकअभिरक्षक कार्यालय असतं, तिथले वकील सरकारी खर्चाने उभे राहतात.

एक प्रकरण कल्पून पाहू. भिवंडीत यंत्रमागावर कामाला आलेला बाविशीतला एक मुलगा. राहत्या घरातल्या चोरीचा गुन्हा, कमाल शिक्षा सात वर्षं. पहिलाच गुन्हा. सहा-सात महिन्यांनी जामीन मंजूर होतो, पंधरा हजारांचा. आईवडील गावी, खोलीतले सोबती दुसऱ्या कारखान्यात गेलेले, मालक ओळख दाखवत नाही. भिवंडीत त्याच्या नावावर कागदाचा एक तुकडा नाही. खटला कधी उभा राहील ते माहीत नाही. आता हे नाव टेबलावर आलं की काय होऊ शकतं ते बघा. न्यायाधीशांपुढे अट बदलण्याची, रक्कम कमी करण्याची किंवा जातमुचलक्यावर सोडण्याची शिफारस जाऊ शकते. ३१ जानेवारी २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनुसार महिनाभरात जामीनपत्र भरलं गेलं नाही, तर कोर्ट स्वतःहूनही अट बदलायचा विचार करू शकतं. स्थानिकच जामीनदार हवा हा आग्रह धरू नये, असंही त्यात आहे. पोलीस अधीक्षक त्याच्या गावच्या ठाण्याकडून पत्ता खात्री करून घेऊ शकतात. आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात २०२३ पासून गरीब कैद्यांना मदतीची केंद्राची योजना आहे. योजनेच्या २०२३ च्या मूळ नियमांनुसार, ते ज्यात असतात ती जिल्हा समिती कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजार रुपयांपर्यंत रक्कम मंजूर करू शकत होती, शिक्षा भोगून दंडासाठी अडकलेल्याला २५ हजारांपर्यंत. भ्रष्टाचार, मनी लाँडरिंग, अमली पदार्थ आणि यूएपीए म्हणजे बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्याखालचे गुन्हे वगळलेत. हा मुलगा त्यात सहज बसतो. वेगवेगळ्या खिडक्यांवर त्याचं कोणी नसतं. इथे त्याचं नाव तेवढं कोणीतरी मोठ्याने वाचायला हवं.

पैसे आहेत, पण वापरले जात नाहीत, हे मात्र जड मनाने लिहावं लागतं. राज्यांनी हा निधी वापरावा म्हणून केंद्रीय गृह मंत्रालयालाच पत्रं पाठवावी लागली. गरीब माणसाला सोडवायला मंजूर झालेला पैसा खात्यात पडून राहणं आणि तो माणूस बराकीत पडून राहणं, हे एकाच वेळी घडतं.

१ जुलै २०२४ ला जुनी संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम ४७९ ने पहिल्या गुन्ह्यातल्या माणसासाठी मुदत निम्म्यावरून एक तृतीयांश केली. वरच्या मुलाला साडेतीन वर्षांऐवजी दोन वर्षं चार महिने. अर्ज करण्याची जबाबदारी थेट तुरुंग अधीक्षकावर टाकली, हे सगळ्यात चांगलं. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच १३८२ तुरुंगांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम जुन्या खटल्यांनाही लागू असल्याचं स्पष्ट केलं. पण त्याच कलमात एक अट अशी आहे, की एकाहून अधिक गुन्हे किंवा खटले प्रलंबित असतील तर या कलमाखाली सुटका नाही. ज्याच्यावर पोलीस एकापाठोपाठ एक गुन्हे लावतात, असा रस्त्यावर राहणारा, व्यसनी, फिरता माणूस इथे अडकतो. जन्मठेपेच्या गुन्ह्यातलेही आता या सवलतीबाहेर गेलेत. सवलत वाढवताना तिचा दरवाजा अरुंद केला, ही चूक आहे आणि ती दुरुस्त व्हायला हवी.

समितीत उणिवा आहेतच. ती शिफारस करते, सोडत नाही. शेवटचा शब्द कोर्टाचाच, आणि तो तसा असणं योग्यही आहे. पण शिफारशीनंतर त्या नावाचं काय झालं, हे पुढच्या बैठकीत वाचलं गेलं नाही, तर काम अर्धवट राहतं. बैठका वेळेवर होत नाहीत, सदस्य स्वतः येण्याऐवजी प्रतिनिधी धाडतात, असं कॉमनवेल्थ ह्युमन राइट्स इनिशिएटिव्हने देशभरच्या समित्या तपासताना २०१६ मध्येच नोंदवलं होतं. जिल्हाधिकाऱ्यांऐवजी नायब तहसीलदार येऊन बसला, तर टेबल तेच राहतं, पण त्याची ताकद जाते. या समितीचा सगळा जोर निर्णय घेऊ शकणारी माणसं समोरासमोर असण्यात आहे.

तिथवर नाव पोचवायला बाहेरची माणसंही लागतात. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून तुरुंगात आणि कोर्टात काम करतोय. त्याचे समाजकार्यकर्ते कैद्याशी बोलतात, घरचा पत्ता शोधतात, कुटुंबाशी संपर्क साधतात, कागद गोळा करायला मदत करतात. मॅनहॅटनमधले ते साधे प्रश्न इथे हीच माणसं विचारतात: घरी कोण आहे, कुठे राहतोस, काय काम करतोस. उत्तरं कोर्टापुढे आली की जातमुचलक्याचा विचार करणं न्यायाधीशांना सोपं जातं.

तुरुंगाला पर्याय म्हटलं की परिविक्षेचा, म्हणजे प्रोबेशनचा, विषय येतोच. मुंबई इलाख्यात १९३८ सालीच परिविक्षेचा कायदा झाला, देशासाठीचा १९५८ मध्ये आला. पहिल्या, किरकोळ गुन्ह्यात ताकीद देऊन किंवा चांगल्या वागणुकीच्या बंधपत्रावर सोडायची त्यात सोय आहे, आणि २१ वर्षांखालच्या मुलाला तुरुंगात पाठवण्याआधी कोर्टाने परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल बघायचा असतो. महाराष्ट्रात हे अधिकारी महिला व बालविकास विभागाचे. नव्या भारतीय न्याय संहितेने तर समाजसेवा ही शिक्षा म्हणूनच आणली: पहिल्यांदाच केलेली पाच हजारांखालची चोरी आणि वस्तू परत केलेली, दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गोंधळ, अब्रुनुकसानी असे मोजके गुन्हे. मात्र ते काम कुठे करायचं, हजेरी कोण घेणार, काम झालं की नाही हे कोर्टाला कोण कळवणार, याबद्दल संहिता गप्प आहे. नगरपालिका, ग्रामपंचायत, सरकारी रुग्णालय, परिविक्षा अधिकारी यांना एकत्र बसवल्याशिवाय ही शिक्षा कागदावरच राहील. मला वाटतं, त्याची देखरेखही याच टेबलावर यावी. परिविक्षा अधिकाऱ्याला तिथे खुर्ची द्यावी, महापालिका आयुक्तांना किंवा जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना बोलवावं.

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक राज्यात उच्चाधिकार समिती नेमायला लावली. महाराष्ट्रात न्यायमूर्ती अमजद सय्यद यांच्या अध्यक्षतेखाली ती बसली आणि सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांतल्या हजारो कच्च्या कैद्यांना तात्पुरत्या जामिनावर सोडलं गेलं. निकड पटली की यंत्रणा किती वेगाने हलते, ते राज्याने तेव्हा पाहिलं.

कोणाचा नातेवाईक, शेजारी, कामगार जामीन मिळूनही आत असेल, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथे साध्या कागदावर अर्ज द्यावा. कैद्याचं नाव, तुरुंग, कोर्ट, जमेल तर खटल्याचा क्रमांक आणि जामिनाच्या आदेशाची तारीख त्यात लिहावी, आणि हे नाव पुढच्या यूटीआरसीपुढे ठेवावं अशी मागणी करावी. आदेशानंतर सात दिवसांत सुटका झाली नसेल तर प्राधिकरणाच्या सचिवांना कळवणं हे तुरुंग अधीक्षकाचं कामच आहे. ते झालं का, एवढं विचारलं तरी चालतं. नालसाची मोफत हेल्पलाइन १५१००. वकिलाची फी लागत नाही.