गॉथिक कमान आणि भिंतीवरची नावे

सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून आपण सोलापूरकर सकाळी मुंबईला उतरतो, ते एका गॉथिक इमारतीच्या दारात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची ही वास्तू १८७८ ते १८८८ या काळात उभी राहिली. पण हातात पिशवी आणि डोक्यात कामांची यादी असते. मान वर करून बघायला सवड कुठली? ही शैली निवांत पाहायची असेल तर कुलाब्याच्या टोकाला, नेव्ही नगरला जावे. तिथे सेंट जॉन यांच्या नावाचे एक जुने चर्च आहे. मुंबईकर त्याला ‘अफगाण चर्च’ म्हणतात.

एक खुलासा आधी करतो. ज्या चर्चमध्ये बिशपचे आसन असते त्याला कॅथेड्रल म्हणतात. मुंबईत १८३७ साली तो मान फोर्टमधल्या सेंट थॉमस चर्चला मिळाला. किल्ल्याच्या ज्या वेशीतून या चर्चकडे वाट जायची, ती चर्चगेट. अफगाण चर्च कॅथेड्रल नाही. पण युरोपातल्या जुन्या कॅथेड्रलांची बांधणी कशी असते, याची कल्पना तिथे चांगली येते.

‘गॉथिक’ हे नाव मुळात टोमणा होता. गॉथ म्हणजे रोमवर चालून आलेल्या टोळ्या. पुढच्या काळात इटलीतल्या जाणकारांनी या शैलीला रानटी ठरवून हे नाव दिले आणि ते चिकटले. शैलीचा जन्म मात्र फ्रान्समधला, बाराव्या शतकातला. पॅरिसच्या नोत्र-दामचे काम ११६३ च्या सुमारास सुरू झाले. १५ एप्रिल २०१९ च्या आगीत तिचे लाकडी छप्पर आणि मनोरा कोसळला. पण दगडी घुमट-छताचा बराचसा भाग टिकला. डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा उघडली.

हे दगडी छत इतक्या उंचावर राहते कसे? त्याचे पहिले रहस्य टोकदार कमानीत आहे. अर्धवर्तुळाकार कमानीची उंची तिच्या रुंदीच्या निम्मीच असते. टोकदार कमान मात्र रुंदी न वाढवता हवी तेवढी उंच नेता येते. शिवाय ती भार बाजूंना कमी ढकलते आणि खाली जास्त उतरवते. दुसरे रहस्य छताखालच्या दगडी फासळ्यांत. त्या छताचे वजन गोळा करून खांबांवर आणून सोडतात. तरीही बाहेरच्या बाजूला थोडा रेटा उरतोच. पावसाळ्यात कलणाऱ्या भिंतीला आपण बाहेरून टेकू लावतो, तसेच दगडी टेकू कॅथेड्रलला बाहेरून दिलेले असतात.

याचा फायदा असा, की भिंतीच्या अंगावरचे ओझे उतरते. मग भिंतीत मोठमोठ्या खिडक्या काढता येतात आणि त्यांत रंगीत काच बसते. हा रंग नुसता वरून फासलेला नसतो. वितळलेल्या काचेतच धातूंची संयुगे मिसळतात. कोबाल्टने निळा येतो. चेहऱ्याच्या, वस्त्राच्या रेघा वर काढून भट्टीत भाजतात आणि तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडतात. आपल्या आजीने रंगीबेरंगी चिंध्या जोडून वाकळ शिवावी, तसे हे काम.

टोकदार कमान मात्र आपल्याला नवी नाही. सोलापूरपासून शंभरेक किलोमीटरवर विजयपूरच्या जामा मशिदीत अशा कमानींच्या रांगाच्या रांगा आहेत. कैरोच्या इब्न तुलून मशिदीत त्या नवव्या शतकातच होत्या, म्हणजे नोत्र-दामच्या जवळजवळ तीनशे वर्षे आधी. ही कमान पूर्वेकडून युरोपात गेली, असे अनेक अभ्यासक मानतात. मशिदीत शिरताना आपण पादत्राणे काढतो आणि डोके झाकतो. चर्चमध्ये पुरुष टोपी काढतात आणि बूट पायात राहतात. रीत उलटी, अदब तीच. आत गेल्यावर दोन्हीकडे डोक्यावर कमान येते, तीही तीच.

आता अफगाण चर्चकडे वळू. हेन्री कॉनीबेअर यांच्या आराखड्यानुसार बांधलेले हे चर्च १८५८ मध्ये उपासनेसाठी खुले झाले. मनोरा १८६५ मध्ये पुरा झाला. त्याची उंची १९८ फूट; बंदरात येणाऱ्या जहाजांना तो लांबून दिसे. रंगीत काचा इंग्लंडमधल्या विल्यम वेल्स यांच्या कारखान्यातल्या. म्हणजे पॅरिसमधल्या मूळ गॉथिकनंतर सातशे वर्षांनी इंग्रजांनी ती शैली पुन्हा उचलली आणि आपल्या समुद्रकाठी आणून उभी केली.

ती कशासाठी? १८३८ ते १८४२ या काळात इंग्रजांनी अफगाणिस्तानात युद्ध केले. मुंबई इलाख्याची फौज सिंधमार्गे तिकडे गेली होती. जानेवारी १८४२ मध्ये काबूलमधून इंग्रजांच्या फौजेने माघार घेतली, तेव्हा सुमारे साडेचार हजार सैनिक आणि बारा हजार बाजारबुणगे बर्फातून निघाले. त्या सैनिकांत गोरे सातशेच्या आसपास. बाकीचे हिंदी शिपाई. यातले फारच थोडे वाचले. बाजारबुणगे हा शब्द आपल्याला पानिपतामुळे ठाऊक आहे. तिथेही त्यांची नावे कोणी मांडून ठेवली नाहीत.

अफगाण आणि सिंधच्या मोहिमांत पडलेल्यांचे स्मारक म्हणून हे चर्च बांधले. भिंतीवर अधिकाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. साध्या शिपायांबद्दल स्मृतिलेख एवढेच सांगतो, की त्यांची संख्या फार असल्याने नावे नोंदवता आली नाहीत. मुंबईच्या फौजेत कोकणातले, देशावरचे कितीतरी जवान होते. त्यांतले किती परतले नाहीत, हे ही भिंत सांगत नाही.

आपल्या गावांच्या वेशीवर, देवळांपाशी वीरगळ असतात. त्यांतल्या पुष्कळांवर नाव नसते. पण त्यावर तो माणूस असतो: हातात शस्त्र, समोर शत्रू, आणि वरच्या चौकटीत देवापुढे हात जोडून बसलेला. नाव विसरले, तरी माणूस दगडात उरतो.

म्हणून अफगाण चर्चला गेलात तर कमान, मनोरा आणि काचा डोळे भरून पाहा; कारागिरी खरोखर मोठी आहे. मग त्या स्मृतिलेखापाशी या आणि शिपायांसाठी लिहिलेल्या त्या ओळीसमोर क्षणभर थांबा. त्यांच्यासाठी त्या भिंतीवर तेवढीच जागा आहे.