घरी शिकणाऱ्या मुलाची वही : नोंद कशाची ठेवायची?

मागच्या व्याख्यानानंतर एक ताई थांबल्या होत्या. मुलगा दहा वर्षांचा, घरीच शिकतो. त्यांनी विचारलं, "सर, उद्या कुणी म्हणालं की यानं वर्षभर काय केलं, तर मी काय दाखवू?" त्यांच्या पिशवीत जाडजूड फाईल होती. रोजचं वेळापत्रक, बरोबरच्या खुणा आणि दर आठवड्याखाली शेरा : 'प्रगती चांगली'. मी ती चाळली आणि म्हटलं, "ताई, यात तुमचा मुलगा कुठे आहे?" त्यांना जरा लागलं असावं. म्हणून आज नीट उत्तर देतो.

बघा, प्रश्न एक वाटतो, पण आहेत दोन. कचेरीत काय दाखवायचं, हा पहिला. मूल शिकतंय हे आपल्याला कसं कळायचं, हा दुसरा. ताईंनी दोन्हींसाठी एकच फाईल केली होती, घोटाळा तिथे झाला.

पहिला प्रश्न लवकर संपतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. तो ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. घरच्या शिक्षणाबद्दल त्यात स्पष्ट असं काही नाही, पण कलम ४ महत्त्वाचं आहे. शाळेत कधीच न गेलेल्या किंवा मध्येच शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षणाचा हक्कही मिळतो. म्हणजे परतीचा दरवाजा उघडा आहे. पुढे दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे, तिथे वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात. आपल्या राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म तर तुम्हाला माहीतच आहे. तेव्हा जन्मदाखला, आधार, आधी शाळेत नाव असेल तर शाळा सोडल्याचा दाखला, हे सगळं एका पातळ फाईलमध्ये ठेवा. ती फाईल कचेरीसाठी. भीतीपोटी तिच्यात रोज पानं घालू नका.

आता दुसरा प्रश्न. इथे मी तुम्हाला डार्विनकडे नेतो. डार्विनचा थोरला मुलगा १८३९ च्या डिसेंबरात जन्मला आणि बापानं त्याच्याबद्दल वही ठेवली. त्या टिपणांवरचा लेख 'माइंड' या नियतकालिकात आला तो १८७७ साली. सदतीस वर्षांनी! एवढ्या काळानंतर ती टिपणं कामाला कशी आली? कारण त्यात 'बाळ हुशार आहे' अशी वाक्यं नव्हती. सातव्या दिवशी तळपायाला कागदाचा तुकडा लावला, बाळानं पाय झटकन मागे घेतला, बोटं आत वळवली, असं लिहिलेलं होतं. दिवस कोणता आणि घडलं काय. याला म्हणायचं नोंद. 'प्रगती चांगली' हा शेरा झाला, आणि शेऱ्यात मुलापेक्षा लिहिणाराच जास्त दिसतो.

आपल्या यावलचंच उदाहरण घेऊ. मुलाला विचारलं, पाच फूट बाय पाच फुटांवर केळी लावली तर एकरात किती खोडं बसतील? एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. मुलानं पाचानं भागलं आणि लिहिलं ८,७१२. आपण काय करतो? लाल फुली मारतो, नाहीतर पान फाडून पुन्हा करायला लावतो. तसं करू नका. पानावर तारीख घाला आणि खाली लिहा : 'अंतरानं भागलं. एका खोडाला जागा किती लागते, हे अजून लक्षात आलेलं नाही.' मग त्याला शेतात न्या, दोरीनं पाच फुटांचा चौकोन आखू द्या, त्यात एक-एक फुटाचे चौकोन मोजू द्या. पंचवीस भरतील. काही दिवसांनी तोच म्हणेल, १,७४२, आणि वर जे पॉइंट चार उरतं त्याचं खोड काही लावता येत नाही! हेही पान ठेवा, तारखेसह.

आता मला सांगा, प्रगती कुठल्या पानावर आहे? पहिल्यावर नाही, दुसऱ्यावरही नाही. ती त्या दोन पानांच्या मध्ये आहे. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यातून सांगतो : बदल एकट्या क्षणात कधी दिसत नाही, त्याला आधीचं आणि नंतरचं, दोन्ही लागतं. चुकलेलं पान फाडलंत तर प्रगतीचा पुरावाच फाडलात.

किती लिहायचं? रविवारी पंधरा मिनिटं पुरेत. काय केलं, कुठे अडलं, काय विचारलं, एवढ्या तीन गोष्टी. महिन्याला दर विषयाचं एक काम जपायचं, आणि ते कुठलं हे मुलाला ठरवू द्यायचं. मुलाचे प्रश्न त्याच्याच शब्दांत उतरवा. लेवाबोलीत विचारलं तर लेवाबोलीत, अहिराणीत विचारलं तर अहिराणीत. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरच्यांनी त्यांची गाणी ऐकून त्यांच्याच बोलीत टिपून ठेवली, म्हणून १९५२ मध्ये ती पुस्तकरूपानं आपल्यापर्यंत आली. कुणी ती 'शुद्ध' करून लिहिली असती, तर बहिणाबाई उरल्या असत्या का?

शेवटचं. ही वही कुणाची? मुलाची. त्याच्यासमोर मोठ्यानं वाचता येणार नाही असं वाक्य त्यात लिहू नका. तो म्हणाला, 'आई, असं नव्हतं झालं', तर त्याचं म्हणणं शेजारी लिहा. मोठा झाल्यावर स्वतःवर शंका येईल तेव्हा त्यानं ही वही उघडावी, आणि आपण अडलो होतो, मग सुटलो होतो, हे त्याला तारखेसह दिसावं. कचेरीतला कुठलाही दाखला हे सांगू शकत नाही.

त्या ताई आज समोरच बसल्या आहेत. ताई, जुनी फाईल टाकू नका, शेऱ्यांखाली जागा आहे. मुलाला जवळ बसवा आणि विचारा, या आठवड्यात नेमकं काय झालं होतं रे? त्याला आठवेल तेवढं लिहा. सुरुवात तिथूनच होईल.